फटफटीचं इंजिन

ओमेश्वरी दिवाळीनंतर माहेरी आली की गावची मंडई, म्हणजे दिवाळीनंतर भरणारी जत्रा, पाहूनच परत जायची. तिचा नवरा तिलक कोहमाऱ्याच्या चौकात ढाबा चालवायचा. वर्षभर ट्रकवाल्यांच्या ऑर्डरी, तंदूरचा धूर आणि भांड्यांचे ढीग. त्यातून सुटका व्हायची ती याच दिवसांत, आमगावजवळच्या या गावात, आईबापांच्या घरी.

यंदा ती ऑटोतून उतरून अंगणात आली तेव्हा तिची आई, धनवंताबाई, सुपात धान पाखडत होती. घराच्या मागून लोखंड घासल्याचा कर्कश आवाज येत होता.

"बाबूजी कोठी आहेत?" ओमेश्वरीनं विचारलं.

"कोठ्यात. ते अना तुही भावजय," आई म्हणाली. "आता चहा बी तेथीच लागते त्याईले."

मागच्या कोठ्यात पूर्वी बैल बांधत. बैल विकल्यापासून तिथे बाबूजींची जुनी टू-स्ट्रोक मोटारसायकल उभी असायची. ओमेश्वरी दारात पोचली आणि तिथेच थांबली. मोटारसायकलची नुसती चौकट भिंतीला टेकवून ठेवली होती. चाकं नव्हती, सीट नव्हती, टाकी नव्हती. कोठ्याच्या मधोमध लोखंडी पाइपांचा एक बसका सांगाडा होता, त्याला चार छोटी जाड चाकं, पुढे स्टिअरिंग, मध्ये एक खुर्चीसारखी बैठक. आणि बैठकीच्या मागे, पट्ट्यांवर नटबोल्टांनी आवळलेलं, मोटारसायकलचं इंजिन.

तिच्या भावाची बायको रुचिका ओढणी कमरेला खोचून गुडघ्यांवर बसली होती. तिचे हात कोपरापर्यंत काळे झाले होते. समोर स्टुलावर बाबूजी. दोघांच्या हातात एकाच सुताची दोन टोकं होती. इंजिनची दातेरी चकती आणि मागच्या चाकांच्या आसावरची चकती एका रेषेत आली की नाही, हे ते त्या सुतावरून बघत होते. रेष चुकली तर चेन उतरणार.

"सूत ढिलं नका सोडू, बाबूजी."

"मी कोठी सोडलो? तूच तिकून वाकडी धरून राहिली."

"मी वाकडी नाही. तुमचा चष्मा वाकडा आहे."

बाबूजी हसले. त्यांना लकवा मारल्यापासून त्यांचं तोंड एका बाजूनं थोडं ओढलेलं असायचं, आणि ते असे मोकळे हसलेले ओमेश्वरीनं त्यानंतर पाहिलेच नव्हते. ती दारात उभी होती. दोघांपैकी कोणाचंच तिच्याकडे लक्ष गेलं नाही.

तिचे वडील, इंदरलाल बिसेन, आमगावच्या एका राईस मिलमध्ये फिटर होते. मिलला सुट्टी असली की ते ही मोटारसायकल अंगणात घेऊन खोलायचे. कार्बोरेटर रॉकेलमध्ये धुवायचे, प्लग काढून पॉलिश पेपरनं घासायचे. लहानगी ओमू उंबऱ्यावर बसून बघत राहायची. जरा जवळ सरकली की बाबूजी मान वर न करता म्हणायचे, "जा, मायले मदत कर. हात काळे होतीन." पाना धरायला ते हेमेंद्रला, तिच्या भावाला, हाक मारायचे, आणि हेमेंद्र तोवर बॅट घेऊन पसार झालेला असायचा. मग बाबूजी एकटेच काम करायचे. ओमू उंबऱ्यावरून बघायची.

"अरे, ओमू! कधी आली?" बाबूजींना आता ती दिसली.

"झाला वेळ," ती म्हणाली. "गाडी कोणं तोडली?"

"तोडली नाही, ताई," रुचिकानं हात पुसत सांगितलं. "बाबूजीचा उजवा पाय किक मारत नाही, ब्रेकवर बी जोर येत नाही. दोन चाकावर तोल जाते. म्हणून म्हटलं, चार चाकावर बसवू. ब्रेक डाव्या पायाले, रेस अना क्लच हातात. ते स्वतः चालवतीन. मंडईच्या दिवशी."

रुचिकानं लग्नाआधी गोंदियात मेकॅनिकलचा डिप्लोमा केला होता, हे ओमेश्वरीला माहीत होतं. पण तो लग्नाच्या पत्रिकेत लिहिण्यापुरताच असेल असं तिनं धरलं होतं.

"हेमेंद्रले विचारलं?"

रुचिका सुताची गुंडी करू लागली. हेमेंद्र रायपूरला एका कारखान्यात होता. त्याला दिवाळीची सुट्टी मिळाली नव्हती, तो थेट मंडईलाच येणार होता. "त्याईले सांगतलं, गाडीचं काम काढलं म्हणून," ती म्हणाली. "पूर्ण नाही सांगतलं. ते घाबरतात."

ओमेश्वरीनं ते ध्यानात ठेवलं.

पुढचे दिवस तिला घर नकोसं झालं. जेवताना बाबूजी आणि रुचिका एकमेकांशीच बोलायचे. इंजिन बैठकीच्या मागे गेलं, तर त्याला वारा कसा लागणार, म्हणून पत्रा वाकवून कुठून कसा आणायचा. कार्बोरेटर तिरपा बसला तर पेट्रोल वाहून जाईल, म्हणून पट्टीखाली किती जाड वॉशर घालायचा. ओमेश्वरीनं तिलकला सांगून मुद्दाम आणलेले पेढे बाबूजींनी तोंडात टाकले आणि "चांगले आहेत" म्हणत पुन्हा वॉशरकडे वळले. आई वाढत असायची आणि ऐकत असायची. तिला त्यातलं काही कळत नव्हतं आणि त्याचं तिला काही वाटतही नव्हतं. ओमेश्वरी मात्र ताट अर्धंच टाकून उठायची.

एका दुपारी ती ओसरीत बसून बाबूजींच्या उजव्या पायाला तेल लावत होती. पिंडरी किती सुकली होती! तिच्या मनात खूप काही बोलायचं होतं, ढाब्याचं, घरचं, तिलकच्या पाठदुखीचं. तिनं सुरुवातही केली होती. तेवढ्यात कोठ्यात ग्राइंडर सुरू झाला.

"थांब, थांब," बाबूजी पाय ओढून घेत म्हणाले. "ते पोरगी चष्मा नाही लावत. डोळ्यात ठिणगी जाईन." आणि तेलानं माखलेला पाय तसाच चपलेत सरकवून, भिंतीला धरत धरत ते निघून गेले.

ओमेश्वरी तेलाची वाटी हातात घेऊन बसून राहिली. "पोरगी" हा शब्द तिच्या कानात घुमत होता. या घरात पोरगी एकच होती, इतकी वर्षं.

दुसऱ्या दिवशी इंजिन पहिल्यांदा सुरू झालं. रुचिकानं पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून छोट्या टाकीत ओतलं, उभी राहिली आणि किक मारली. काही झालं नाही. पुन्हा मारली. बाबूजी स्टुलावरून पुढे वाकले होते. "चोक दे. आता नको. आता मार." मग एकदम तो ओळखीचा फटफट आवाज कोठाभर भरला, निळसर धूर उठला, जळक्या ऑइलचा वास पसरला. आई दारापर्यंत धावत आली. लहानपणी हाच आवाज गावाच्या वेशीवरून यायचा आणि ओमेश्वरी अंगणात पळायची.

तिनं आनंदानं बाबूजींकडे पाहिलं. बाबूजींनी रुचिकाला जवळ बोलावलं, तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "जमलं ना तुले," ते म्हणाले. आपल्या डोक्यावर तो हात असा कधी ठेवला होता, हे ओमेश्वरी आठवू लागली. पाठवणीच्या दिवशी ठेवला होता. त्याखेरीज तिला काही आठवेना.

ती घराच्या मागे, शेणखताच्या ढिगापाशी गेली आणि तिनं हेमेंद्रला फोन लावला.

"तुले मालूम आहे का, तुही बायको काय करून राहिली?" तिनं विचारलं. मग ती बोलतच गेली. गाडी कापून काढली. लकवा झालेल्या माणसाला दिवसभर धुरात बसवते. त्यांना त्या लोखंडाच्या गाड्यात घालून मंडईत पळवणार आहे, लोकांसमोर. काही झालं तर तोंड कुणाला दाखवशील? गावातल्या बाया हसून राहिल्या. यातलं शेवटचं खरं नव्हतं. बाया हसत नव्हत्या, उलट दोघीतिघी बघायला येऊन गेल्या होत्या.

संध्याकाळी रुचिकाचा फोन वाजला. ती अंगणात उभी राहून नुसतं "हो, हो, बरं" म्हणत होती. फोन ठेवून ती कोठ्यात गेली आणि सांगाड्यावर ताडपत्री ओढली. जेवताना तिनं बाबूजींना सांगितलं, "हे नाही म्हणतात. राहू द्या, बाबूजी."

ओमेश्वरीला वाटलं होतं, आता घर पहिल्यासारखं होईल. बाबूजी ओसरीत बसतील, ती पायाला तेल लावेल, गप्पा होतील. बाबूजी ओसरीत बसले खरे, पण भिंतीकडे बघत. तिनं तेल लावलं तर लावू दिलं, नाही लावलं तर मागितलं नाही. रुचिका भांडी घासायची, धान वाळत घालायची, विचारलेल्याला उत्तर द्यायची. कोठ्याकडे ती फिरकली नाही.

"पयले दिवसातून कितीदा कोठ्यात जात होते," आई एकदा चुलीपाशी पुटपुटली. "तेवढं तरी चालणं होये. आता संडासले बी मीच धरून नेतो."

ओमेश्वरीनं ऐकलं.

त्याच दुपारी बाबूजींनी तिला विचारलं. ओसरीत दोघंच होते.

"हेमेंद्रले तूच सांगतली ना?"

खोटं बोलायचं तिच्या जिभेवर आलं होतं. पण बाबूजी तिच्याकडे सरळ बघत होते. "हो," ती म्हणाली.

"काऊन?"

"तुमची तब्येत..."

"तब्येतीचं नको सांगू."

मग तिचा बांध फुटला. "मले कधी हात लावू दिला तुमी? मी उंबऱ्यावर बसून राहत होती. तासन्‌तास. तुमी म्हणत, जा, मायले मदत कर. हेमेंद्रले बोलवत होते, त्याले काही पडली नव्हती तरी. लग्नाच्या वेळी मी म्हटली, ही गाडी मले द्या, तर हासण्यावारी नेलं. अना आता हिच्यासंग सूत धरून हासता. हिच्या डोक्यावर हात ठेवता. हे काल आली या घरात!"

लकव्यानंतर बाबूजींची जीभ जड झाली होती, शब्द जमवायला वेळ लागायचा.

"हिले बी म्हटलो होतो, जा म्हणून," ते म्हणाले. "पयल्या दिवशी. दुसऱ्या दिवशी बी. एकदा पाना फेकलो अंगावर."

"मंग?"

"गेली नाही. तोच पाना घेऊन आली दुसऱ्या दिवशी."

ओमेश्वरीच्या डोळ्यांत पाणी आलं. "म्हणजे मीच चुकली? मी काऊन गेली उठून?"

"नाही," बाबूजी म्हणाले. "तू लहान होतीस. लहान पोरगी बापाचं ऐकते. चूक माही होय. पण माह्यावर राग होता, तर माह्यावर काढायचा होता. तिचं काम कायले बंद पाडलीस?"

तिला वाटलं, ते आणखी काही बोलतील, जवळ घेतील. त्यांनी पाणी मागितलं. ती आत जाऊन पाणी घेऊन आली, तोवर ते डोळे मिटून पडले होते. झोपले नव्हते, पण बोलायचंही नव्हतं.

ती पुन्हा खताच्या ढिगापाशी गेली. यावेळी हेमेंद्रनं फोन उचलायला वेळ लावला.

"काम चालू करू दे," ती म्हणाली.

"आता काय झालं? तूच तर सांगतली, बाबूजी मरतीन म्हणून."

"मी जळून सांगतली, हेमेंद्र. धूर होते, खरं आहे. गाडी कापली, खरं आहे. पण बाबूजी बसून खुश आहेत. मले ते पाहवलं नाही. बाया हासतात म्हटली, ते तर खोटंच."

"तुमी दोघी अना बाबूजी, काय करायचं ते करा," तो वैतागून म्हणाला. "काही झालं तर मी तुले धरीन."

"मले धर," ती म्हणाली.

रुचिका विहिरीपाशी कपडे पिळत होती. ओमेश्वरी तिच्यासमोर जाऊन उभी राहिली. "हेमेंद्र हो म्हणाला," ती म्हणाली. "पयले मीच त्याले..."

"मालूम आहे मले," रुचिका म्हणाली. तिनं कपडा झटकून दोरीवर टाकला. "हे तुमचेच शब्द बोलून राहिले होते फोनवर. मले तेव्हाच समजलं."

"राग आला असंन."

"आला. अजूनही आहे." रुचिकानं तिच्याकडे बघितलं. "सासूबाई काही बोलल्या असत्या तर समजली असती मी. तुमी शिकलेल्या, ढाबा सांभाळता. मले वाटलं होतं, तुमी आल्या की दाखवू सगळं."

ओमेश्वरी खाली मान घालून उभी राहिली. रुचिकानं बादली उचलली, दोन पावलं गेली, आणि मागे वळली.

"मंडई जवळ आली आहे. एकटीच्यानं नाही होणार. इंजिन चालते, पण गिअर टाकला की दम तोडते. सायलेन्सर चोक झालं आहे, आतमध्ये कार्बन बसला आहे. ते साफ करान का?"

"करीन."

"घाण काम आहे."

"करीन म्हटलं ना."

टू-स्ट्रोक इंजिन ऑइल जाळतं, आणि त्या ऑइलची काळी, चिकट, दगडासारखी पुटं सायलेन्सरच्या आत बसतात. रुचिकानं तिला एक जाड तार, रॉकेलचा डबा आणि फाटकं लुगडं दिलं. ओमेश्वरी कोठ्याच्या दारात बसून तार आत घालत राहिली, खरवडत राहिली. काळे तुकडे तिच्या साडीवर पडले. नखांत गेलं, मनगटावर ओघळलं, कपाळाला लागलं. रुचिका तिच्याशी कामापुरतंच बोलत होती. थोड्या वेळानं बाबूजी भिंत धरत धरत आले आणि स्टुलावर बसले. त्यांनी मुलीकडे बघितलं, तिच्या हातांकडे बघितलं.

"आणखी आतमध्ये घाल," ते म्हणाले. "वाकवून. तिथंच राहते खरी घाण."

ओमेश्वरीनं तार वाकवली. एवढं एक वाक्य ऐकायला तिला इतकी वर्षं लागली होती, आणि ते ऐकतानाही तिच्या मनात आलं, रुचिकाला हे किती वेळा मिळालं असेल!

मंडईच्या दिवशी हेमेंद्र सकाळीच आला. कोणाशी फारसं न बोलता त्यानं गाड्याभोवती फेरी मारली, स्टिअरिंग हलवून बघितलं, ब्रेक दाबून बघितला. त्यानंच तो ढकलत धान कापून झालेल्या एका कोरड्या बांधीत नेला. पलीकडे मंडईची दुकानं लागली होती. शिंगाडेवाले, खेळणीवाले, गोडशेववाले. गाडा बघायला माणसं तिकडून इकडे सरकली.

बाबूजींना बैठकीत बसवताना हेमेंद्रनं त्यांच्या दोन्ही काखांत हात घातले. "हळू, बाबूजी. नाही जमलं तर सोडून द्या."

"तू किक मार," बाबूजी म्हणाले.

हेमेंद्रनं किक मारली. इंजिननं सूर धरला. बाबूजींनी डाव्या हातानं क्लच सोडला आणि गाडा झटका देऊन पुढे गेला. बांधीच्या टोकाला ते वळले, धूळ उडाली, परत आले, पुन्हा वळले. तिसऱ्या वळणावर त्यांनी रेस वाढवली आणि आईनं डोळ्यांवर पदर घेतला. ज्या माणसाला ती रोज हात धरून नेत होती, तो बांधीभर धावत होता. हेमेंद्र रुचिकाशेजारी उभा होता. त्यानं तिला काहीतरी विचारलं, तिनं उत्तर दिलं, आणि त्यानं मान हलवली.

बाबूजी थांबले. "आता रुचिका," ते म्हणाले. रुचिका बसली आणि सफाईनं फेऱ्या मारून आली. पोरं ओरडत होती. कोणी शिट्टी वाजवली. ओमेश्वरीच्या छातीत पुन्हा तेच चावलं, अगदी तसंच. ती वाट बघत होती, आता बाबूजी आपलं नाव घेतील. बाबूजी हेमेंद्रला काहीतरी सांगण्यात गुंतले होते.

तिनं चपला काढल्या, पदर खोचला आणि पुढे झाली.

"आता मी," ती म्हणाली. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात.

बाबूजींनी वर पाहिलं. "येते का तुले?"

"नाही येत. सांगा."

त्यांनी सांगितलं. क्लच कसा हळू सोडायचा, हात कुठे ठेवायचा, घाबरली तर आधी काय सोडायचं. दोनदा इंजिन बंद पडलं. तिसऱ्यांदा गाडा निघाला, आणि ओमेश्वरी किंचाळली, आणि वळायचं तिथे वळली नाही. गाडा सरळ जाऊन बांधीच्या कडेच्या धुऱ्यात, उंच मातीत घुसला. माणसं हसली. रुचिका धावत आली आणि तीही हसत होती. त्या फोननंतर ती ओमेश्वरीसमोर पहिल्यांदाच हसली.

घरी जाताना बाबूजींनी हट्ट धरला की गाडा आपणच चालवत नेणार. पांदणीतून अर्ध्या वाटेवर इंजिन खोकलं आणि गप्प झालं. पेट्रोल संपलं होतं. हेमेंद्र आईला घेऊन पुढे गेला होता. मग ओमेश्वरी आणि रुचिका दोघी मागून ढकलू लागल्या. बाबूजी स्टिअरिंग धरून राजासारखे बसले होते. समोरून मंडईला निघालेले त्यांचे मिलमधले जुने सोबती, चंद्रकुमार, थांबले.

"हे काय गा, इंदरलाल? कोणं बनवलं?"

"माह्या सुनेनं," बाबूजी छाती फुगवून म्हणाले. "सगळं तिनं. डिप्लोमा झाला आहे तिचा."

ओमेश्वरीला ते लागलं. ते लागणं एवढ्यात थांबणार नव्हतं, हे तिला कळून चुकलं होतं. पण यावेळी ती गप्प राहिली नाही.

"अना धक्का कोण मारून राहिलं, ते बी सांगा त्याईले!" ती मागून ओरडली.

चंद्रकुमार हसले. बाबूजींनी कष्टानं मान वळवून मागे पाहिलं.

"हे माही पोरगी," ते म्हणाले. "ओमेश्वरी. डोकं गरम आहे तिचं." मग पुढे बघत त्यांनी हुकूम सोडला, "चला, दोघी. खड्डा आहे समोर, जोर लावा."